काय काढलं, आणि त्या जागी काय आलं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगली जिल्ह्यातल्या एका गावाहून ५२ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलंय. "मिस्टरांना तीन महिन्यांपूर्वी अटॅक आला. वय ५७. एक स्टेंट बसवला. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, दिवसभर गल्ल्यावर बसून असतात. पंचवीस वर्षं तंबाखू खायचे, ती आता सोडली. सासरेही ५४ व्या वर्षी अटॅकनेच गेले. डिस्चार्जच्या वेळी 'तेलकट-तुपकट बंद' एवढंच सांगितलं, म्हणून मी त्यांची फोडणीच बंद केली. उकडलेली भाजी, कोरडी भाकरी. चारच्या चहाला भडंगाऐवजी मारी बिस्किटं. तूप पूर्ण बंद. रात्रीचं म्हशीचं दूध तेवढं चालू ठेवलंय, ताकद यावी म्हणून. सासूबाई रुसल्यात. म्हणतात, माझ्या सासऱ्यांनी नव्वदीपर्यंत तूप खाल्लं, त्यांना काही झालं नाही. मुलाने पुण्याहून ऑलिव्ह तेलाचा डबा पाठवला, त्यातली आमटी कोणाच्या तोंडाला लागली नाही. दीर म्हणतात खोबरेल तेल सुरू करा, गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा. ते ऐकून यांनी कोलेस्टेरॉलची गोळी एक दिवसाआड केली आहे. परवा रिपोर्ट आला. एलडीएल अटॅकच्या वेळी १४२ होतं, आता ८८. पण ट्रायग्लिसराइड्स १६८ वरून २१५ झाले आणि वजन दोन किलो वाढलं. एवढं सगळं बंद करून हे कसं? तीस वर्षं या माणसाचं ताट मीच वाढलंय. माझ्या हातच्या जेवणानंच हे झालं का? कोणतं तेल वापरू ते एकदाचं सांगा."

ताई, तेलाचं नंतर. आधी गोळीचं बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच आहे, आणि ती तुम्ही दिरांच्या गोष्टीत उरकून टाकलीत. अटॅकनंतर ज्या ताकदीची स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी देतात, ती रोज घेतली तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण निम्म्यावर येतं. १४२ चं निम्मं ७१. तुमचा रिपोर्ट ८८ म्हणतोय, तेही इतकं कडक पथ्य पाळून. गोळी रोज पोटात जात नाही, हे तो आकडाच सांगतोय. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली असावं, असं आज बहुतेक हृदयरोगतज्ज्ञ धरून चालतात. तेल-तुपात अगदी काटेकोर राहिलं तर एलडीएल दहा टक्के, फार तर पंधरा टक्के उतरतं. ८८ चे दहा टक्के म्हणजे नऊ. नऊ उतरून ५५ गाठता येत नाही. गोळीने पाय दुखतात, थकवा वाटतो, असं काही असेल तर ते लपवून गोळी टाळू नका, डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो, दुसऱ्या प्रकारची स्टॅटिन देता येते, जोडीला वेगळी गोळीही देता येते. आणि आज रात्रीच एक बघा: रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्याही ते चुकवत नाहीत ना? त्या मधेच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते, आणि हा धोका पहिल्या वर्षात जास्त असतो. दिरांची माया खरी असेल, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका.

आता तुमच्या हातच्या जेवणाचं. मी बावीस वर्षं हृदयरुग्णांच्या वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय. कॉटच्या पायथ्याशी पिशवी धरून उभ्या राहिलेल्या कितीतरी बायकांनी मला हाच प्रश्न विचारलाय, बहुतेकींनी नवरा झोपल्यावर, हळूच. तुमचं पत्र परत वाचून बघा. पंचवीस वर्षं तंबाखू. दिवसभर बैठं काम. वडील ५४ व्या वर्षी अटॅकने गेलेले; वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल, तर ती घरातली जोखीम म्हणून डॉक्टर वेगळी नोंदवून ठेवतात. या तिन्ही गोष्टी तुम्हीच लिहिल्यात, फक्त हिशोबात धरल्या नाहीत. जेवणाचा वाटा असतो, नाही असं मी म्हणणार नाही. पण धमनीत चरबीचा थर साठायला विशी-तिशीपासून सुरुवात होते आणि त्याला अनेक हात लागतात. तुमचा हात त्यातला एक, आणि तोही त्यांच्या आवडीचं करून घालणारा.

आणि सासूबाई. त्या त्यांच्या सासऱ्यांचं नव्वदीचं उदाहरण देतात, स्वतःच्या नवऱ्याचं देत नाहीत. ते ५४ व्या वर्षी गेले आणि त्यांच्याही भातावर तूप याच माउलीने घातलं असणार. घरात जेव्हा 'तूप म्हणजे विष' असं बोललं जातं, तेव्हा त्यांना काय ऐकू येत असेल? तुम्हाला जो प्रश्न तीन महिने छळतोय, तो त्यांना कदाचित कितीतरी वर्षं छळत असेल. त्यांचा रुसवा तुपासाठी आहे असं मला वाटत नाही. तुपाकडे आपण परत येऊ.

ट्रायग्लिसराइड्स का वाढले, या प्रश्नात तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर आहे. तुम्ही फोडणी काढली, तूप काढलं, भडंग काढलं. त्या जागी काय आलं? उकडलेल्या भाजीने पोट भरत नाही, म्हणून एका भाकरीच्या दोन झाल्या असतील, वर भात. चारला साखरेचा चहा आणि मारी बिस्किटं. मारी बिस्किट हलकं लागतं म्हणून आजाऱ्याला देण्याची आपल्याकडे रीत आहे, पण त्यात असतो मैदा, साखर आणि थोडं पामतेल. गरजेपेक्षा जास्त पीठ आणि साखर पोटात गेली की यकृत त्यातून चरबी बनवतं आणि ट्रायग्लिसराइड्सच्या रूपात रक्तात सोडतं. आपल्या लोकांमध्ये हे विशेष दिसतं: एलडीएल फार भयंकर नसतं, पण ट्रायग्लिसराइड्स चढलेले, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी, आणि पोट सुटलेलं. तेव्हा घरातला एखादा पदार्थ बंद कराल, तेव्हा त्याची जागा कोण घेणार हे त्याच वेळी ठरवायचं. भडंगाच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे आले असते, तर हा २१५ चा आकडा कदाचित दिसला नसता.

संशोधनातही हीच गोष्ट पुन्हा पुन्हा निघाली आहे. नुसते संपृक्त मेद, म्हणजे तूप-लोणी-सायीतले, कमी केले आणि त्या जागी मैदा-साखर आली, तर हृदयाला फायदा दिसत नाही. तीच जागा असंपृक्त मेदांनी, म्हणजे बियांच्या तेलांनी, दाण्यांनी, माशांनी घेतली, तर दिसतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये जुने नियंत्रित प्रयोग एकत्र तपासले. ज्या प्रयोगांत लोणी-साय-चरबी काढून तिच्या जागी सोयाबीनसारखी बहुअसंपृक्त तेलं दिली होती, त्या मुख्य प्रयोगांत हृदयविकाराचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांनी उतरलं होतं. मिनेसोटातल्या एका जुन्या प्रयोगात मात्र कोलेस्टेरॉल उतरूनही मृत्यू कमी झाले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. या विषयावर अजून वाद होतात ते अशा निकालांमुळेच. पण सगळा पुरावा एका तराजूत घातला तर पारडं असंपृक्त मेदांकडे झुकतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हे कसं घडतं, तेही समजून घ्या, म्हणजे उद्या कोणी नवीन मेसेज पाठवला तरी तुमची घालमेल होणार नाही. कुठल्याही तेला-तुपाचा प्रत्येक थेंब मेदाम्लांचा बनलेला असतो. त्यांचे प्रकार ढोबळमानाने चार. संपृक्त: साध्या हवेतही गोठतात, तूप, लोणी, साय, खोबरेल आणि पामतेलात यांचा भरणा. एकअसंपृक्त: यातलं मुख्य ओलिक आम्ल, शेंगदाणा तेलात आणि ऑलिव्हमध्ये भरपूर. बहुअसंपृक्त: यात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ असे दोन गट, पहिला करडई, सूर्यफूल, सोयाबीनमध्ये, दुसरा जवसात, अक्रोडात आणि समुद्राच्या माशात. चौथे ट्रान्स मेद, त्यांच्याबद्दल पुढे. कोणत्याही तेलात पहिले तीन प्रकार मिसळलेले असतात, फक्त प्रमाण वेगळं. तुपातही साधारण तिसरा हिस्सा असंपृक्त असतो, आणि शेंगदाणा तेलातही पंधरा-वीस टक्के संपृक्त असतो.

यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढणारे ग्राहक रेणू असतात. ते ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी शोधून काढले, त्यासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. संपृक्त मेद जास्त खाल्ले की या ग्राहकांचं काम मंदावतं, मग एलडीएल रक्तात जास्त दिवस फिरत राहतं. फिरता फिरता ते धमनीच्या अस्तराखाली शिरतं, तिथे अडकतं, बिघडतं. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळायला जातात आणि स्वतःच चरबीने फुगून तिथेच बसतात. वर्षानुवर्षं असा थर वाढतो. एक दिवस त्या थराचं वरचं आवरण फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. तोच अटॅक. असंपृक्त मेद, विशेषतः करडई-सोयाबीनमधलं लिनोलिक आम्ल, त्या ग्राहकांचं काम वाढवतं. स्टॅटिनही शेवटी त्यांचीच संख्या वाढवते, फक्त कितीतरी पट जोमाने.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कोणतं तेल. माझं उत्तर ऐकून तुम्हाला कदाचित वाटेल, एवढंच? तुमचं नेहमीचं शेंगदाणा तेल ठेवा. त्यात जवळजवळ निम्मं ओलिक आम्ल आहे आणि सुमारे तिसरा हिस्सा लिनोलिक. सांगली-कोल्हापूरच्या जिभेला ते चालतं, फोडणीला टिकतं. हवं तर एक महिना शेंगदाणा आणि एक महिना करडई किंवा सोयाबीन, असं आलटून पालटून करा. करडईत लिनोलिक आम्ल सत्तर टक्क्यांच्या पुढे असतं आणि आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडचं ते जुनं तेल आहे. ओमेगा-६ मुळे शरीराला सूज येते, म्हणून करडई-सूर्यफूल सोडा, असा एक मेसेज फिरतो. माणसांवरचे अभ्यास त्याला आधार देत नाहीत. लिनोलिक आम्ल जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार कमीच दिसलाय. लाकडी घाण्याचं घ्यायचं की रिफाइंड, असंही अनेक वाचक विचारतात. घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, परवडत असेल तर जरूर घ्या. पण मेदाम्लांचं प्रमाण दोन्हींत तेच राहतं आणि कॅलरीही तेवढ्याच. घाण्याचं आहे म्हणून सढळ हाताने ओतायचं नाही. पाकिटावरचं 'कोलेस्टेरॉल नाही' हे वाक्य तर वाचूच नका. कोलेस्टेरॉल वनस्पतींच्या तेलात नसतंच, कुठल्याच.

ऑलिव्हचं म्हणाल तर मुलाचं अगदीच चुकलं नाही. स्पेनमध्ये ७४४७ माणसांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मांडणीतल्या त्रुटी दुरुस्त करून तो २०१८ मध्ये पुन्हा छापला, तरी निष्कर्ष तोच राहिला: ऑलिव्ह तेल किंवा रोज मूठभर कठीण कवचाची फळं खाणाऱ्या गटात हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांतून होणारे मृत्यू साधारण तीस टक्क्यांनी कमी झाले. पण त्या माणसांच्या ताटात भाज्या, डाळी, मासे, फळं असं सगळंच होतं. आणि त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या गटाने ऑलिव्ह न वाढवता अक्रोड-बदाम खाऊन जवळपास तेवढाच फायदा मिळवला, हे कोणी सांगत नाही. तुमच्या मुलाने पाठवलेला डबा वाया घालवू नका. आमटीत नको, मोड आलेल्या मटकीवर, कोशिंबिरीवर, थालीपीठ लावताना वापरून संपवा. संपला की दुसरा मागवायची गरज नाही. शेंगदाण्याच्या गावात राहून तो खर्च कशासाठी?

खोबरेल तेलाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण कोकणातून आणि गोव्यातूनही अशी पत्रं येतात. त्यातले ८५ ते ९० टक्के मेद संपृक्त असतात, तुपाहूनही जास्त. 'मध्यम साखळीचे, म्हणजे आखूड रेणूंचे, मेद असल्यामुळे ते थेट जळून जातात' असा दावा करतात. पण त्यातलं निम्म्याच्या आसपासचं मेदाम्ल लॉरिक आहे, आणि ते शरीरात बरंचसं लांब साखळीच्या मेदांसारखंच वागतं. दावा ज्या छोट्या साखळ्यांवर बेतलेला आहे, त्यांचा वाटा खोबरेलात थोडा. २०२० मध्ये बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा खोबरेल खाणाऱ्यांचं एलडीएल इतर वनस्पती तेलं खाणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा मिलिग्रॅमने जास्त निघालं. एचडीएलही थोडं वाढतं, हे खरं. पण औषधांनी नुसतं एचडीएल वाढवून पाहिलं तेव्हा अटॅक कमी झाले नाहीत, म्हणून त्या भरवशावर राहता येत नाही. केरळमध्ये सुमारे दोनशे हृदयरुग्णांना दोन वर्षं खोबरेल किंवा सूर्यफूल तेल देऊन पाहिलं होतं आणि दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही. दीर कदाचित हाच अभ्यास दाखवतील. त्यांना सांगा, त्या रुग्णांची नेहमीची औषधं चालूच होती. पिढ्यानपिढ्या ओलं खोबरं घालून माशाचं कालवण खाणाऱ्या कोकणी माणसाला मी खोबरं सोडायला सांगणार नाही. त्याच्या ताटात बांगडा आणि तारली आहेत, ओमेगा-३ ची आपल्याकडची सगळ्यात स्वस्त आणि चांगली सोय. आठवड्यातून दोनदा कालवणातला मासा उत्तम. अटॅक येऊन गेलेल्या सांगलीकराने मात्र नव्याने खोबरेल सुरू करायचं काहीच कारण नाही.

उलट तुमच्याकडचं खोबरं वेगळ्या वाटेने येतं: सुकं, भाजून, वाटणात आणि कांदा-लसूण मसाल्यात. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त चरबी असते, म्हणजे दहा ग्रॅमच्या एका तुकड्यात पाच-साडेपाच ग्रॅम संपृक्त मेद. रस्सा तोच ठेवा, वाटणातलं अर्धं खोबरं काढा आणि त्या जागी भाजलेले तीळ किंवा दाण्याचं कूट घाला. मी घरी असंच करते. कांदा नीट खरपूस भाजला असेल तर पाव्हण्यांनाही कळत नाही. ताटात जवसाची किंवा कारळ्याची चटणी रोज एक चमचा असू द्या. जवस भाजून कुटूनच खायचे, अख्खे तसेच बाहेर पडतात. त्यातल्या ओमेगा-३ पैकी माशाच्या तेलासारखं रूप थोड्याच भागाचं होतं, तरी शाकाहारी माणसासाठी ते मोलाचं आहे. ओमेगा-३ च्या बाजारातल्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. मोठ्या प्रयोगांत साध्या कॅप्सूलचा हृदयाला म्हणावा तसा फायदा दिसला नाही आणि जास्त डोसने ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढलं.

ट्रान्स मेदांबद्दल मी कुठलीही सवलत देत नाही. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून त्याचं अर्धवट घट्ट वनस्पती तूप केलं की हे तयार होतात. १९९० मध्ये नेदरलँड्समध्ये मेन्सिंक आणि काटान यांनी ५९ माणसांना तीन-तीन आठवडे वेगवेगळे मेद खायला घालून पाहिलं. ट्रान्स मेदांनी एलडीएल वाढवलंच, वर एचडीएल खाली आणलं. दोन्हीकडून तोटा करणारा मेद हा एवढाच. आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स मेदांची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे, ही फार मोठी गोष्ट झाली. पण खारी, नानकटाई, बटर अजून घट्ट चरबीतच होतात आणि आता ती चरबी बरेचदा पामतेलाची असते. ट्रान्स गेले, संपृक्त राहिले. आणि वडा-भजीच्या गाडीवर दिवसभर उकळून काळं पडलेलं तेल कोणत्याही जातीचं असलं तरी वाईटच. दुकानावर बसल्या बसल्या चहाबरोबर काय येतं, ते जरा प्रेमाने विचारा. घरात मोजून फोडणी आणि दुकानात रोज खारी, असं अनेक घरांत चालतं आणि बायको बिचारी स्वतःच्या पळीला दोष देत राहते.

पळीवरून आठवलं. तुमच्या पत्रात तेल महिन्याला किती लागतं ते नाही, तेव्हा तुम्हीच मोजा. परवा मी माझ्या घरातली फोडणीची पळी औषधाच्या मापाने मोजली. तीस मिली. मी स्वतः या विषयात असून मला ती वीसची वाटत होती. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज अडतीस ग्रॅम तेल होतं. बैठं काम करणाऱ्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने वीस ते पंचवीस ग्रॅम सांगितलंय, तेही तूप-लोणी धरून. म्हणजे चौघांना महिन्याला तीन लिटर. डब्यावर पहिल्या तारखेला पेनाने खूण करा, रोजचं तेल सकाळी एका वाटीत काढून ठेवा आणि दिवसभर त्यातूनच घाला. फोडणी सगळ्यांची एकच. मिस्टरांचं वेगळं उकडलेलं ताट आजपासून बंद. ज्या घरात एकट्याला आजाऱ्याचं ताट मिळतं, तिथे तो माणूस बाहेर खातो, हे मी फार वेळा पाहिलंय.

आता दूध आणि तूप. तुम्ही तूप पूर्ण थांबवलं आणि रात्रीचा पेलाभर म्हशीचं दूध चालू ठेवलं. अडीचशे मिली म्हशीच्या दुधात पंधरा-सोळा ग्रॅम चरबी असते, त्यातली दहा ग्रॅम संपृक्त. एका सपाट लहान चमच्यात, म्हणजे पाच ग्रॅम तुपात, तीन ग्रॅम. त्या पेल्यातून मिस्टर रोज तीन चमचे तुपाएवढे संपृक्त मेद पितायत, आणि घरात भांडण मात्र चमच्याचं. दिवसाला अठराशे कॅलरींच्या जेवणात अटॅक येऊन गेलेल्या माणसाने संपृक्त मेद बारा ग्रॅमच्या आसपास ठेवावेत. दूध डबल टोन्ड घ्या, किंवा म्हशीचंच तापवून, गार करून, दोनदा साय काढून द्या. शेंगदाणा तेलातून साडेतीन ग्रॅम येतील, दूध-दह्यातून दोन-तीन, थोडं वाटणातून. मग एका चमचा तुपाला या हिशोबात जागा आहे. रविवारी मटण असेल त्या दिवशी तूप नाही, आणि मटणावरची चरबी कापून टाकलेली.

तुपाच्या बाजूने १९६७ चा एक अभ्यास सांगतात. रेल्वेतले डॉक्टर मल्होत्रा यांना दक्षिणेतल्या रेल्वे कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू तूप-दूध खाणाऱ्या उत्तरेपेक्षा सात पट आढळले होते. अभ्यास खरा आहे. पण दोन प्रांतांतली माणसं तुपाशिवाय शंभर गोष्टींत वेगळी असतात, आणि नुसत्या तुलनेतून कारण सिद्ध होत नाही. सासूबाईंच्या सासऱ्यांचंही तसंच. त्या माणसाने तूप खाल्लं आणि शेतात दिवसभर राबला असेल. गल्ल्यावर बसणाऱ्या नातवाला ते माप लावता येणार नाही. हे त्यांच्याशी वाद घालून सांगू नका.

त्याऐवजी तो चमचा त्यांच्या हातात द्या. त्यांना सांगा, आहारतज्ज्ञ बाईंनी रोज एक चमचा तूप चालेल म्हटलंय, सपाट, दुपारच्या वरण-भातावर, आणि ते आई, तुम्हीच वाढायचं. दुधावरची साय आता जास्त निघेल, तिचं तूपही त्यांनीच कढवावं. मुलीला, पाव्हण्या-रावळ्यांना होईल. मुलाच्या ताटात घालताना त्या हात आवरतील, याची मला खात्री आहे. ज्या बाईने नवरा असा गमावलाय, तिला मोजून वाढायचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

चारच्या चहाला मारी बंद. मूठभर भाजलेले दाणे किंवा फुटाणे, चहात साखर निम्मी. भडंग पंधरा दिवसांतून एकदा, घरचं. भाकरी दीड, उरलेली जागा उसळ आणि पालेभाजीला. सकाळी दुकान उघडण्याआधी डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढं चालणं. गोळी रोज रात्री, त्यांनी घेतली की कॅलेंडरवर टिंब. हे सगळं सहा ते आठ आठवडे केलं की उपाशीपोटी रक्ततपासणी पुन्हा करा, आणि डॉक्टरांकडे जाताना दोन्ही रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ते कॅलेंडर बरोबर न्या. नवा आकडा मलाही कळवा, मी वाट बघेन.